कुरणवाडीचं दप्तर

कागल,
३ जून २०२४

प्रिय विनू,

तीन वर्षांनी लिहितेय आणि तेही कामासाठी, याची लाज वाटते. फोन केला असता, पण गेल्या पावसाळ्यापासून माझे दोन्ही कान गेल्यात जमा आहेत. यंत्र लावलं की पातेल्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. अमर म्हणाला, "मी बोलतो की विनूमावशीशी." मी म्हटलं, नको. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात असल्यापासून मी तुला चिठ्ठ्याच लिहीत आले आहे, हेही लिहूनच सांगते.

आमच्या अमरदीपची नोकरी जायला आली आहे.

तो पाटबंधाऱ्यात कनिष्ठ अभियंता आहे हे तुला माहीत आहे. राखीव जागेवर लागला, त्याला सहा वर्षं झाली. त्याच्या जातीच्या दाखल्याची पडताळणी राहिली होती, ती आता निघाली. समितीसमोर आम्ही तिघंही गेलो. तिथले साहेब माणूस म्हणून चांगले होते, यांची काठी पाहून खुर्ची दिली. मग विचारलं, मूळ गाव कुठलं? हे म्हणाले, कुरणवाडी, निपाणीपासून दोन कोस. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे कर्नाटक. मग सवलत तिकडची. दहा ऑगस्ट एकोणीसशे पन्नास या दिवशी घराणं ज्या राज्यात होतं, तिथंच ती मिळते."

हे म्हणाले, "सायेब, पन्नास साली कुरणवाडी मुंबई राज्यातच हुती. बेळगाव जिल्हा, तालुका चिकोडी. आमी कुटं गेलो न्हाय. छप्पन साली रेघच आमच्या अंगावरनं पलीकडं गेली."

साहेब म्हणाले, "मान्य. पण तुमचे वडील त्या काळात तिथं राहत होते याचा कागद आणा. शाळेचा, जमिनीचा, जन्ममृत्यूचा, कसलाही जुना सरकारी कागद. तीस सप्टेंबरपर्यंत."

माझे सासरे भीमाप्पा शाळेत गेले नाहीत. जमीन नव्हती. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळून जन्म गेला. हे स्वतः पंचावन्न सालचे, म्हणजे यांचा दाखला पाच वर्षांनी उशिराचा. पण यांचे थोरले भाऊ, भरमूदाजी, स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी झाले असं सासूबाई सांगायच्या. दोघंही आता नाहीत. दाजींच्या जन्माची नोंद गावच्या जन्ममृत्यूच्या रजिस्टरात असणार. बाप भीमाप्पा, राहणार कुरणवाडी. एवढी एक ओळ हवी आहे.

ते जुनं दप्तर बेळगावला जिल्ह्याच्या कचेरीत असतं असं कळलं. तुझे आप्पा पूर्वी तिथंच दप्तर सांभाळायचे ना? तू एकदा जाशील?

तुझी,
सुनू


अनगोळ, बेळगाव,
१२ जून २०२४

प्रिय सुनू,

कागल ते बेळगाव बस दोन तासांत येते आणि तुझं पत्र नऊ दिवसांनी आलं. पोस्टाचासुद्धा त्या राज्यातून या राज्यात यायला पाय अडखळत असावा.

लाज कसली गं. पत्रावरचं तुझं तिरकं अक्षर पाहिलं आणि आपल्या पाचवीच्या वर्गाच्या उंच खिडक्या आठवल्या. सिस्टर अग्नेसनी भारताचा नकाशा रंगवायला दिला होता, आठवतं? मी म्हैसूर राज्य पिवळं रंगवून घरी नेलं. बेळगाव त्यातच. आप्पांनी खोडरबर घेतला, बेळगाव, खानापूर, निपाणी एवढा तुकडा खोडला, आणि माझ्या हातात महाराष्ट्राचा हिरवा खडू दिला. सिस्टरनी मला शून्य दिलं. तू तेवढी जागा कोरीच ठेवली होतीस. सिस्टरनी विचारलं तर म्हणालीस, "रंग संपला, सिस्टर." तुला दहापैकी सहा मिळाले. तेव्हाही तू माझ्याहून शहाणी होतीस.

आज सकाळीच कचेरीत जाऊन आले. दप्तरखान्यात नागेंद्र म्हणून एक कारकून आहेत. "बर्री, या बाई, बसा," म्हणाले. आप्पांचं नाव सांगितलं तर उठून उभे राहिले. आप्पांनी अठ्ठावन्न साली नोकरी सोडून सीमासत्याग्रहात तुरुंग पत्करला, त्याला सहासष्ट वर्षं झाली, पण जुन्या याद्या अजून त्यांच्याच अक्षरात आहेत. नागेंद्र म्हणाले, "ह्या अक्षरावर आमचं ऑफिस चालतंय बगा."

कुरणवाडीचं दप्तर मात्र जागेवर नाही. "निपाणी येगळा तालुका झाला न्हवं, तवा लई बोजे तिकडं गेलते. न्हाईतर चिकोडीत आसंल." अमरला तिथं पाठव. इथलं मी बघते. नोकरी जायची गोष्ट डोक्यातून काढून टाक. कागद कुठं जात नसतात.

तुझी,
विनू


कागल,
५ जुलै २०२४

प्रिय विनू,

अमर चिकोडीला तीनदा आणि निपाणीला चारदा जाऊन आला. चिकोडीत म्हणाले, निपाणीला दिलं. निपाणीत म्हणाले, आमच्याकडं छप्पनच्या पुढचं आहे, मागचं जिल्ह्याला विचारा. एका बाईंनी तर विचारलं, "महाराष्ट्रात नोकरी करता, तर तिकडनंच घ्या की कागद." तो म्हणाला, "तिकडचे म्हणतात हिकडनं आणा." बाई हसल्या. त्या वाईट नव्हत्या विनू, पण अमर ते हसू घेऊन घरी आला आणि जेवला नाही.

त्याचं वजन उतरलं आहे. शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. मी तीस वर्षं नर्स होते, माणूस आतून बसत चाललं की मला कळतं. परवा यांना म्हणाला, "बाबा, मी नक्की कुठला?" हे म्हणाले, "माझा."

आणखी एक सांगते, तुझ्याशिवाय कुणाला सांगायचं? माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. जुनी जात टाकून दिली, घरातले देव नदीत सोडले. आणि आता मी तीच जात लिहिलेला रकाना शोधत फिरते आहे, नातवाची भाकरी टिकावी म्हणून. ते असते तर काय म्हणाले असते?

नागेंद्रांना पुन्हा भेटलीस का? आमची आशा आता तेवढीच आहे.

सुनू


बेळगाव,
२० जुलै २०२४

प्रिय सुनू,

शोध चालू आहे. इथं पाऊस फार आहे, कचेरीत माणसं कमी असतात. माझा फोन बिघडला आहे, तेव्हा अमरला म्हणावं फोन करत बसू नकोस, मीच कळवीन. इतर काही कागद मिळतो का तेही पाहत राहा. एकाच गोष्टीवर विसंबू नये.

परशरामभावजींना नमस्कार.

विनू


बेळगाव,
२२ जुलै २०२४

प्रिय अण्णा,

पुण्याला फोन केला की तू मध्येच "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

माझी मैत्रीण सुनयना तुला माहीत आहे. तिच्या मुलाच्या नोकरीसाठी कुरणवाडीचं जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर हवं आहे. मी महिनाभर दप्तरखान्यात खेपा घालते आहे. परवा नागेंद्रांनी छप्पन सालच्या ऑक्टोबरमधली यादी काढली. तेव्हा चंदगड तालुका आपल्या जिल्ह्यातून निघून कोल्हापूरला जाणार होता आणि त्याची दप्तरं वेगळी करायचं काम आप्पांकडं होतं. त्या यादीत एक ओळ आहे. "कुरणवाडी व इतर चार गावे, जन्ममृत्यू, सन १९३८ ते १९५२, एक दप्तर. पाहण्यासाठी घेतले." पुढं आप्पांची सही. परत केल्याचा रकाना कोरा.

नागेंद्र माझ्याकडं पाहत होते. मी म्हटलं, "अक्षर लागत नाही." अण्णा, आप्पांचं अक्षर मला लागत नाही असं मी म्हटलं.

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेची किल्ली तू आप्पा गेल्यावर पुण्याला नेलीस. आईला ती ट्रंक ते कधी उघडू देत नसत. त्यात काय आहे? तुला ठाऊक असेल तर सांग. नसेल तर किल्ली पाठव.

तुझी,
विनू


पुणे,
२ ऑगस्ट २०२४

चि. विनू,

ठाऊक आहे. आप्पांनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं होतं.

तेव्हा सगळे म्हणत होते की चंदगड गेलं तसं निपाणीही दोन-चार महिन्यांत मुंबई राज्यात जाईल. रेघ चुकली आहे, ती सुधारतील. आप्पांना वाटलं, आपल्या गावांची दप्तरं उगाच म्हैसूरच्या ताब्यात का द्यावीत? पुढच्या खेपेला कोल्हापूरला पाठवू. म्हणून त्यांनी निपाणीकडच्या पाच गावांचं एक दप्तर घरी आणलं. ती पुढची खेप आली नाही. नोकरी सोडल्यावर ते परत कसं करणार? चोर ठरले असते. त्यांनी ते लोभानं नेलेलं नाही विनू, आपल्या माणसांसाठी नेलं.

आता व्यवहाराचं बोलतो. या एक नोव्हेंबरला, म्हैसूरला जोडल्याचा निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनाच्या सभेत, आप्पांच्या तसबिरीचं अनावरण आहे. मी अध्यक्षांना शब्द दिला आहे. अशा वेळी तू सरकारी दप्तर घरातून काढून दाखवणार? वर्तमानपत्रं काय लिहितील? आणि कायद्यानंही उपयोग नाही. अडुसष्ट वर्षं सरकारी कस्टडीबाहेर असलेला कागद, कुणीही म्हणेल की नोंद मागाहून घुसवली.

किल्ली पाठवत नाही. नोव्हेंबरनंतर पाहू. सुनयनाला सांग, वाळवी लागली. जुन्या कागदांना लागतेच.

तुझा,
उपेंद्र


कागल,
२८ ऑगस्ट २०२४

विनू,

गुरुवारी अमर कामावरून दुपारीच निघाला आणि घरी आला नाही. कोगनोळीच्या अलीकडं दूधगंगेचा पूल आहे, तिथं गाडी लावून कठड्याला टेकून उभा होता. दोन तास. चहाच्या टपरीवाले रविराज ओळखीचे आहेत, त्यांनी आमच्या घरी फोन केला. फोन माझ्या हाताशी वाजत होता. घरी मी एकटीच, शेजारी बसून मेथी निवडत होते. मला ऐकू आलं नाही. नंतर पाहिलं तर अकरा वेळा वाजला होता.

शेवटी रविराजच त्याला घेऊन आले. दारात उभा राहून म्हणाला, "आई, मी नदीकडं बघत न्हवतो. पुलाच्या हिकडं एका राज्याची पाटी, तिकडं दुसऱ्याची. मधी कुणाचीच न्हाय. तितं जरा बरं वाटलं."

मी त्याचं तोंड धुतलं. चौतीस वर्षांचा मुलगा, त्यानं मला धुऊ दिलं. तेव्हापासून हे त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात. त्यांना काठीशिवाय चालता येत नाही, तरी पहारा करतात. त्याला गाडीची किल्ली सापडत नाही, कारण ती माझ्या पदराला आहे.

तुझा फोन अजून बिघडलेलाच आहे का? अमरनं सोळा वेळा लावला, रिंग जाते म्हणतो.

विनू, मी पुष्कळ विचार केला. तू त्या कचेरीत आमच्यासाठी जातेस, नाव सांगतेस, जात सांगतेस. तुझ्या ओळखीची माणसं तिथं असतात. तुला संकोच वाटत असेल तर मला कळतं. बोर्डिंगात असताना तू मला घरी जेवायला नेलंस आणि तुझ्या आईनं माझं ताट वेगळं मांडलं, तेव्हा तू तुझं ताट उचलून माझ्याशेजारी येऊन बसलीस. त्या मुलीकडं मी हे काम मागितलं होतं. ती आता दमली असेल तर तसं लिही. मी रागावणार नाही. पण सांग. तेहतीस दिवस उरले आहेत.

सुनयना


बेळगाव,
५ सप्टेंबर २०२४

सुनू,

संकोच नाही. त्याहून वाईट आहे.

दप्तर आमच्या घरात होतं.

आप्पांनी छप्पन साली ते कचेरीतून घरी आणलं. निपाणी महाराष्ट्रात जाणार, तेव्हा बरोबर द्यायचं म्हणून. मला हे वीस जुलैला कळलं, यादीवर त्यांची सही पाहिल्यावर. त्याच दिवशी मी तुला पावसाचं आणि बिघडलेल्या फोनचं लिहिलं. फोन बिघडला नव्हता. अमरचं नाव दिसलं की मी तो उशीखाली ठेवत असे. अण्णाला विचारलं, तो म्हणाला, वाळवी लागली म्हणून सांग. मी तसं सांगितलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं आहे आणि ते काहीच नाही. महिनाभर मी रोज माळ्याखालून चहाचा कप घेऊन जात होते. मनाशी म्हणत होते, अजून वेळ आहे. माझ्या पूर्ण आयुष्यात मी आप्पांची एक गोष्ट मोडली नव्हती सुनू. खडूसुद्धा त्यांनी दिला तोच चालवला.

तुझं पत्र काल आलं. पुलापर्यंत वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधी नाक्यावरच्या चावीवाल्याला घेऊन आले. तो कुलपाकडं बघून म्हणाला, "आक्का, ह्याला किल्ली कशाला, हातोडा पुरे." दोन घावांत निघालं.

लाल फडक्यात बांधलेलं दप्तर, आत पाच रजिस्टरं. वाळवी नाही, आप्पांनी कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता. इतकी काळजी घेतली होती. कुरणवाडी, सन १९४७, १९ सप्टेंबर. मुलगा, भरमू. बाप भीमाप्पा. राहणार कुरणवाडी. जातीचा रकाना भरलेला. मी ती ओळ बोटानं चारदा वाचली आणि रजिस्टर मिटलं.

आज दप्तर कचेरीत नेऊन दिलं. नागेंद्रांनी माझ्या हातातून ओझं घेतलं. अधिकारी म्हणाले, हे खरं दप्तर आहे याला पुरावा काय? मी छप्पनची यादी काढायला लावली आणि आप्पांची सही दाखवली. मग प्रतिज्ञापत्र लिहून दिलं की माझ्या वडिलांनी हे दप्तर परवानगीशिवाय घरी नेलं आणि आजवर आमच्या घरात लपवून ठेवलं. "लपवून" हा शब्द अधिकाऱ्यांनी सांगितला नव्हता, मीच घातला. आप्पा चुकले असं मान्य केल्याशिवाय भरमूदाजी खरे ठरत नाहीत.

आता चौकशी होईल, मग दप्तर पुन्हा नोंदून घेतील, त्यानंतर उतारा मिळेल. किती दिवस लागतील हे कुणी सांगत नाही. मी रोज जाऊन बसेन. अमरला माझा नंबर लागेल आता.

विनू


बेळगाव,
२७ सप्टेंबर २०२४

सुनू,

तुझं उत्तर नाही. तो तुझा हक्क आहे.

उतारा अजून मिळालेला नाही. चौकशीचा अहवाल झाला, पण सही करणारे अधिकारी बंगळूरला बैठकीला गेले आहेत. मी त्यांच्या घरी गेले, त्यांच्या पत्नीला भेटले, रडले. त्यांनी पाणी दिलं. नागेंद्र म्हणाले, "बाई, सोमवारच्या आत व्हत न्हाय. मी खोटं कशाला सांगू?" सोमवारी तीस तारीख आहे.

समितीला अर्ज द्या की दप्तर सापडलं आहे, उतारा येतो आहे. माझ्या प्रतिज्ञापत्राची प्रत पाठवते आहे, ती जोडा. माझं आणि आप्पांचं नाव त्यात स्पष्ट आहे, ते झाकू नका.

अण्णानं फोन केला होता. एक नोव्हेंबरला आप्पांच्या तसबिरीचं अनावरण होतं, ते त्यानं रद्द केलं. म्हणाला, "तू त्यांना दुसऱ्यांदा मारलंस." मी "बरं, ठेवते" म्हटलं.

अमर कसा आहे, एवढं तरी दोन शब्दांत लिही.

विनू


कागल,
२१ ऑक्टोबर २०२४

विनोदिनी,

अमर जेवतो. हे दोन शब्द.

समितीनं अर्ज घेतला, पण मुदत वाढवायचा अधिकार त्यांना नव्हता. एक ऑक्टोबरला सेवा संपल्याचं पत्र आलं. उतारा आठ तारखेला मिळाला. आता फेरसुनावणी बारा नोव्हेंबरला आहे. वकील म्हणतात, दाखला वैध ठरेल, पण जागा परत मिळेल की नाही ते खात्यावर आहे. दीड महिना आधी कागद असता तर हा प्रश्नच आला नसता, असंही म्हणाले. तारखा त्यांनी मोजल्या, मी नाही.

उतारा घ्यायला आम्ही तिघंही बेळगावला आलो होतो. तुला कळवलं नाही. यांच्यासाठी नागेंद्र खुर्ची घेऊन आले आणि म्हणाले, "आजोबा, तुमचं गाव बगायचं काय? आख्खं रजिस्टर हाय." यांनी हो म्हटलं. अमर पानं उलटत होता. भरमूदाजींची ओळ मिळाली. तू तिथं थांबली होतीस. अमर थांबला नाही, पुढं पन्नास सालापर्यंत गेला.

कुरणवाडी, ६ ऑगस्ट १९५०. मुलगी. बाप भीमाप्पा. नावाच्या रकान्यात काही नाही. मृत्यूच्या बाजूला तीच, १७ ऑगस्ट. वय अकरा दिवस. कारण, ताप.

समितीनं जो दिवस विचारला होता, दहा ऑगस्ट, त्या दिवशी ती चार दिवसांची होती. कुरणवाडीत, आमच्या घरात. नागेंद्रांनी तिचाही उतारा दिला. वकील म्हणतात की हाच सगळ्यांत पक्का पुरावा आहे.

यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई यल्लव्वा नव्वदाव्या वर्षी गेल्या, शेवटची सात वर्षं मी त्यांचं सगळं केलं, त्या मलाही कधी बोलल्या नाहीत. हे त्या ओळीवर हात ठेवून बसले. मग अमरला म्हणाले, "मला बहीण हुती रं?" आणि एवढा मोठा माणूस कचेरीत सगळ्यांदेखत रडला. अमरनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जूनपासून पहिल्यांदा मी अमरला दुसऱ्या कुणाची काळजी करताना पाहिलं.

तू दप्तर नेऊन दिलंस, वडिलांचं नाव लिहून दिलंस. ते किती जड गेलं असेल ते मला कळतं आणि त्याबद्दल मी कुणाला वाईट बोलू देणार नाही. तुझ्या आप्पांनी पालासुद्धा घातला होता. आमच्यासाठीच सगळं जपून ठेवलं होतं, फक्त आम्हाला द्यायचं राहिलं.

आमची एक मुलगी अडुसष्ट वर्षं तुमच्या माळ्यावर होती, विनू.

परवा आम्ही तिचं नाव ठेवलं. अमरनं पाळण्याऐवजी मांडीवर तो उतारा घेतला, मी यांच्या कानात नाव सांगितलं आणि यांनी मोठ्यानं म्हटलं, मला ऐकू यावं म्हणून. ऐकू आलं.

काय ठेवलं ते तुला कधीतरी लिहीन. आज नाही.

सुनयना